चालते व्हा!

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी फोनवर व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "चालते व्हा." पलीकडे एकदम शांतता पसरली. बिचाऱ्यांना वाटले, काका रागावले! तर तसे काही नाही. एखाद्याला घराबाहेर काढायचे असले की आपण मराठी माणसे हे दोन शब्द वापरतो. आज मला ते औषधाच्या चिठ्ठीसारखे वापरायचे आहेत. घराबाहेर पडा आणि चाला, लांबवर चाला, एवढेच माझे सांगणे आहे.

मी डॉक्टर नाही. रेल मिलमध्ये चौतीस वर्षे काढलेला साधा माणूस आहे. त्यामुळे सांगेन ते थोडे स्वतःवर बेतलेले आणि थोडे वाचलेले.

निवृत्तीचा दिवस आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. हार, शाल, श्रीफळ, खात्यातल्या सगळ्यांबरोबर फोटो, दोन शब्द बोलताना दाटून आलेला गळा. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मला नेहमीप्रमाणे जाग आली. फर्स्ट शिफ्टची सवय. उठून बसलो आणि लक्षात आले की आता कुठेही जायचे नाही. सुरुवातीला गंमत वाटली. महिन्याभराने गंमत संपली. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला. सेक्टरमधले क्वार्टर सोडून नव्या घरी आलो होतो, तिथे शेजारी नवे. वर्तमानपत्र उघडायचो आणि अर्धा तास एकाच बातमीवर नजर असायची. जेवणात चव नाही, झोप नाही, कुणाचा फोन आला तर "बाथरूममध्ये आहेत म्हणून सांग" असे मी पत्नीला खुणेने सांगायचो. मंडळाच्या कार्यक्रमांना येणे त्याच काळात बंद झाले. पुष्कळांना वाटले, रिटायर झाल्यावर माणूस बदलला.

पत्नीने आधी ओळखले. तिने मला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, हा डिप्रेशनचा, म्हणजे नैराश्याचा आजार आहे, आणि तो बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या मी व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवत असे. पाहुण्यांना कळू नये म्हणून! रक्तदाबाच्या गोळ्या मात्र जेवणाच्या टेबलावर सर्वांसमोर होत्या. हा फरक मी का केला, याचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही. पण इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरी अशी बाटली असेल, म्हणून हे सांगतो आहे.

आकडेवारीही तेच सांगते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. निवडलेल्या बारा राज्यांत आपले छत्तीसगडही होते. प्रौढांमध्ये साधारण दहातल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचे त्यात आढळले आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. या सभागृहात खुर्च्या किती आहेत ते मोजा आणि दहाने भागा.

गोळ्यांनी झोप परतली, पण पाय घराबाहेर पडत नव्हते. तेव्हा आले अश्विनातले नवरात्र. आमच्या गल्लीतच आमच्या मिलचा एक जुना क्रेन ऑपरेटर राहतो. मूळचा इथलाच, दुर्गजवळच्या खेड्यातला. तीस वर्षे तो वर केबिनमध्ये आणि मी खाली फ्लोअरवर. इशाऱ्यांची भाषा उत्तम जमायची, बोलणे मात्र कामापुरते. तो एका संध्याकाळी दारात येऊन म्हणाला, "साहब, डोंगरगढ़ चलबो का?"

तुम्हाला ठाऊकच आहे, चैत्र आणि अश्विन या दोन्ही नवरात्रांत भिलाई, दुर्ग, अगदी रायपूरपासूनही माणसे बम्लेश्वरी मातेच्या दर्शनाला डोंगरगडला पायी जातात. आपण मोटारीतून त्यांना ओलांडून पुढे जातो, "बघा, किती श्रद्धा!" म्हणतो आणि काच वर करतो. मी नाहीच म्हणणार होतो. पण पत्नी आतून म्हणाली, "जातील ते." आणि मी गेलो.

भिलाईहून डोंगरगड साधारण पाऊणशे किलोमीटर. तरुण पोरे एका दमात जातात. आम्ही तीन टप्पे केले. संध्याकाळी निघायचे, रात्रभर जमेल तेवढे चालायचे आणि ऊन चढले की रस्त्याकडेच्या पंडालात आडवे व्हायचे. दुर्ग ओलांडले, शिवनाथचा पूल ओलांडला, अंजोरा मागे पडले. जी. ई. रोडवर मी हजार वेळा गेलो असेन, पण त्या रस्त्याला चढ आहे हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले. पंडालांत चहा, पोहे, खिचडी, पाय शेकायला गरम पाण्याच्या बादल्या. माझ्या टाचेला फोड आला होता. वीसेक वर्षांच्या एका मुलाने माझा पाय मांडीवर घेतला, धुतला, मलम लावले, पट्टी बांधली. त्याने माझे नाव विचारले नाही, मी त्याचे विचारले नाही. पुढच्या माणसाचा पाय त्याने मांडीवर घेतला आणि मी उठलो.

सोमनीच्या आसपास, रात्री दोन-अडीचच्या सुमाराला, माझा सोबती सहज बोलावे तसे बोलू लागला. त्याची पत्नी आदल्या वर्षी गेली होती. अंत्ययात्रेला मी गेलो होतो आणि त्यानंतर एकदाही त्याची चौकशी केली नव्हती. तो म्हणाला, अजून रोज दोन माणसांचा भात शिजतो. हात आपोआप तेवढेच तांदूळ घेतो. मग सकाळी उरलेल्या भाताचा बासी खातो.

मी काही बोललो नाही. चालत राहिलो. आणि बऱ्याच वेळाने मी त्याला व्हिटॅमिनच्या बाटलीची गोष्ट सांगितली. मुलाला सांगितली नव्हती, सख्ख्या भावाला सांगितली नव्हती, ती मी डांबरी रस्त्यावर काळोखात सांगितली. त्याने एकही सल्ला दिला नाही. "हव" एवढेच म्हणाला. थोडे पुढे गेल्यावर म्हणाला, "चलव भैया, धीरे-धीरे रेंगबो." तीस वर्षांचा 'साहब' त्या रात्री 'भैया' झाला. छत्तीसगढीत 'रेंगना' म्हणजे चालणे. आपण मराठीत रेंगाळणाऱ्याला नावे ठेवतो, इथे मात्र चालणाऱ्यालाच रेंगणारा म्हणतात. इतकी वर्षे इथले मीठ खाऊन हा शब्द मी त्या रात्री शिकलो.

तुमडीबोडला हमरस्ता सोडला आणि तिसऱ्या पहाटे डोंगरगडला पोहोचलो. वर हजारावर पायऱ्या. आईचे दर्शन झाले. परतीला लोकल पकडली आणि दुर्ग येईपर्यंत गाढ झोपलो.

आता तुम्ही विचाराल, पाऊणशे किलोमीटर चालून आजार बरा झाला का? नाही. गोळ्या पुढे वर्षभर चालू होत्या, डॉक्टरांनीच हळूहळू कमी करत बंद केल्या. पण बरे होण्याच्या रस्त्याला मी लागलो तो त्या दिवसांत. असे का झाले, याचा मी पुष्कळ विचार केला. मला तीन कारणे सापडली.

पहिले कारण मिलवाल्यांना चटकन पटेल. वितळलेल्या पोलादात हायड्रोजन मिसळलेला असतो. रूळ घाईने थंड झाला तर तो वायू आत अडकतो आणि रुळाच्या पोटात केसासारख्या भेगा पडतात. वरून रूळ चकचकीत दिसतो, पण पुढे केव्हातरी गाडीच्या वजनाखाली मोडतो. म्हणून जुन्या पद्धतीत रूळ झाकून, तासन्‌तास सावकाश थंड करीत, म्हणजे वायू हळूहळू बाहेर पडे. पुढे निर्वात यंत्रणेने तो द्रव पोलादातूनच काढून घेण्याची सोय झाली, तो भाग वेगळा. आपले काय होते? तीस-पस्तीस वर्षे भट्टीजवळ तापलेला माणूस निवृत्तीच्या एका संध्याकाळी एकदम थंड होतो. आतले आतच राहते. लांबचे चालणे म्हणजे सावकाश थंड होणे. पहिला तासभर डोक्यात तेच ते विचार फिरतात. मग पाय, श्वास, रस्ता यांचा ठेका धरला जातो आणि कधीतरी लक्षात येते की मघापासून आपण त्या गोष्टीचा विचारच केला नाही. हे वीस मिनिटांच्या फेरीत क्वचित घडते, म्हणून मी 'लांब' या शब्दावर जोर देतो. २०१५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासात काही जणांना दीड तास झाडाझुडपांतून चालवले आणि काहींना वर्दळीच्या रस्त्याने. झाडांतून चालून आलेल्यांचे मनातल्या मनात तेच ते उगाळणे कमी झालेले दिसले. अभ्यास लहान होता, अडतीस माणसांचा. पण माझ्या अनुभवाशी जुळणारा.

दुसरे कारण, हुद्दा सुटतो. याची मोठी शाळा आपल्या महाराष्ट्रातच आहे. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला पोहोचते. वाटेत प्रत्येक जण दुसऱ्याला 'माउली' म्हणतो. कलेक्टर असो की सालगडी, हाक एकच. निवृत्त माणसाचे निम्मे दुखणे हाकेचे असते. काल 'सर' होतो, आज कोण? वारी त्याला नवी हाक देते. अर्थात वारीत सगळे भेद विरघळतात, असे भाबडेपणाने म्हणू नये. इरावती कर्वे स्वतः दिंडीबरोबर चालल्या, आणि एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बायका जेवायला वेगळ्या बसतात हे त्यांना फार लागले. ते त्यांनी आपल्या 'वाटचाल' या लेखात स्पष्ट लिहिले आहे. दि. बा. मोकाशी १९६१ साली पालखीबरोबर चालले आणि १९६४ साली त्यांचे 'पालखी' हे पुस्तक आले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चालताना माणूस बोलतो. समोरासमोर बसले की डोळ्याला डोळा भिडतो, जीभ अडखळते. शेजारी शेजारी चालताना दोघांचीही नजर रस्त्यावर असते. अवघड गोष्ट अर्धी सांगून थांबता येते, पाव मैलाने पुढे सुरू करता येते. आणि वारीने तर याची रीतसर व्यवस्था केली आहे. मुक्कामाला पोहोचल्यावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्यांचे टाळ एकच गजर करत असतात. चोपदार हातातला दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते! सगळे स्तब्ध आणि एकाच कोपऱ्यातून टाळ. चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तूंची घोषणा होते आणि आरती होते. म्हणजे दिवसभराची कुरबुर दुसऱ्या दिवसाच्या चालीत न्यायची नाही. कारखान्यात मी कितीतरी तक्रार-पेट्या पाहिल्या. पण तक्रार असलेल्याने आवाज करत राहावे आणि बाकीच्यांनी गप्प बसून तो ऐकावा, अशी सुंदर रीत मी दुसरीकडे पाहिली नाही.

आपल्या घरांतही टाळ वाजत असतात. कुणी फोन उचलत नाही, कुणी कार्यक्रमाला यायचे बंद होते, कुणी अचानक फार चिडका होतो. तो त्याचा टाळ आहे. आपण ऐकत नाही.

आता थोडे शास्त्र. २०२४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात चौदा हजारांहून अधिक माणसे होती. चालणे वा धावणे, योगासने आणि स्नायूंचे व्यायाम यांनी नैराश्य कमी व्हायला चांगली मदत होते, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पावलांवरचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. रोज पाच हजारांवर पावले चालणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे कमी दिसली, आणि सात हजारांवर चालणाऱ्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका कमी दिसला. इथे एक सावधगिरी. जो उदास असतो तो मुळातच कमी चालतो, त्यामुळे नुसत्या पावलांच्या हिशेबावरून सगळे सिद्ध होत नाही. आणि दहा हजारांचा जो आकडा आपल्या मोबाइलमध्ये बसला आहे, तो १९६५ साली जपानमधल्या एका पावले मोजायच्या यंत्राच्या नावावरून आला. वैद्यांनी दिलेली ती मात्रा नाही. तेव्हा आकड्याचा धसका घेऊ नका.

कुणी म्हणेल, आता या वयात अडीचशे किलोमीटर कसे चालणार? त्यांना मी जबलपूरच्या अमृतलाल वेगड यांचे उदाहरण देतो. चित्रकलेचे शिक्षक. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते नर्मदेकाठी चालू लागले. अख्खी परिक्रमा एका दमात करायचा हट्ट धरला नाही. दरवेळी थोडी वाट, मग घरी, पुन्हा जिथे थांबले तिथून पुढे. असे तुकडे जोडत वर्षांमागून वर्षे ते चालले. नर्मदा उगम पावते त्या अमरकंटकला तर आपण सहलीला जातो. वाट तुकड्यातुकड्यांनी केली तरी ती वाटच असते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. मधुमेह, हृदयविकार, गुडघ्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह्यांनी रोज रात्री तळपाय तपासावेत, कारण फोड आलेला कळतच नाही. नवे बूट घालून लांब जाऊ नका. आज दोन किलोमीटर जमत असतील तर दोनच चाला, आठवड्या-आठवड्याने थोडे वाढवा, दोन-तीन महिन्यांत दहा-बारा जमतात. आपल्या भिलाईत सेक्टरमधले रस्ते सावलीचे आहेत, मैत्री बागेपर्यंत जाऊन परत येता येते. हमरस्त्यावर चालायचे असेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, फिक्या कपड्यांत, रात्री हातात बॅटरी घेऊन. चैत्रात इथले ऊन जीव घेते, तेव्हा मीठ-साखरेचे पाणी जवळ हवेच. भगिनींना एक विनंती. "यांना तेवढे घेऊन जा" असे सांगून स्वतः स्वयंपाकघरात थांबू नका. यांच्या निवृत्तीबरोबर तुमची निवृत्ती कुणी जाहीर केलेली नसते, तुम्हालाही बाहेरची हवा हवी.

आणि सर्वांत महत्त्वाचे. चालणे ही गोळ्यांची बदली नाही. डॉक्टरांनी औषध दिले असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. आणि जगावेसे वाटत नाही असे विचार मनात येत असतील, तर चालायला जाण्याची वाट पाहू नका, त्याच क्षणी कुणाला तरी सांगा. सरकारची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, हिंदीसह अनेक भाषांत आहे. हा क्रमांक स्मरणिकेत ठळक छापावा, अशी संपादकांना विनंती.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. आपण सगळे नोकरीसाठी या गावात आलो. नातेवाईक दूर, म्हणून एकमेकांना नातेवाईक मानले आणि त्यातूनच हा गणपती बसला. आता आपल्यातले बरेच जण निवृत्त आहेत आणि पाखरे उडून गेली आहेत. वर्गणी गोळा करायला आपण घरोघर जातो, तशीच एक यादी करू या. वर्षभरात जो एकाही कार्यक्रमाला आला नाही, त्याच्या दारात रविवारी सकाळी दोघांनी जायचे. "कसे आहात?" विचारायचे नाही, कारण उत्तर ठरलेले असते, "मजेत." फक्त म्हणायचे, "चप्पल घाला, जरा जाऊन येऊ." तो नाही म्हणेल. पुढच्या रविवारी पुन्हा जायचे. माझ्या दारात कुणीतरी आले होते, म्हणून मी आज इथे उभा आहे. ती व्हिटॅमिनची बाटली आता आमच्याकडे जिरे ठेवायला वापरतात.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला मी मंडळाच्या फाटकाशी उभा असेन. माझ्याबरोबर आमचे क्रेन ऑपरेटर भैयाही असतील. किती किलोमीटर ते तेव्हा ठरवू. हळूहळू रेंगू.

तेव्हा मंडळी, प्रसाद घ्या आणि चालते व्हा!

गणपती बाप्पा मोरया!